पनवेल भातगिरणी, सदस्य दोन

करंजाडे, पनवेल
११ एप्रिल २०२४

चि. सई,

पट्ट्याचा आवाज आधी यायचा. फट्, फट्, फट्, आणि पट्ट्याचा जोड फिरून वर आला की एक जरा जाड फट्. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून भातगिरणी होती. गुरुजी कविता म्हणायला उभं करत आणि ओळ अडली की काही न बोलता दाराकडे बोट दाखवत. मग व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. ओळ आठवली की दारावर टकटक करून आत यायचं, तोवर नाही. मी डोळे मिटून गिरणी ऐकत राहायचो आणि तिच्या ठेक्यात हरवलेली ओळ आपोआप येऊन बसायची.

नदी म्हणाली होडीला, लांब जाऊन ये गं;
काठ म्हणाला दोरीला, सैल थोडी हो गं.

हे तुला शंभरदा सांगून झालंय. पुन्हा सांगतो, कारण तो आवाज आज मी घरात ऐकला. तुझा कॉलेजातला कॉम्प्युटर दुरुस्त करून घेतला. आतला जुना पंखा घरघरतो आणि मधेच एक जाड ठोका टाकतो. हुबेहूब.

तू बंगळूरला गेल्यापासून नऊ वर्षं त्याच्यावर चादर होती. स्टेशनकडच्या रस्त्यावर रमेश म्हणून एक दुरुस्तीवाला आहे, तो घरी आला. धूळ उडवली, मेमरीची एक पट्टी बदलली आणि पडदा उजळल्यावर म्हणाला, "काका, मशीन जुनंय पण दणकट आहे. ताई गेम खेळायच्या का?"

मी म्हटलं, "ती शास्त्रज्ञांना मदत करायची."

तो हसला. मग कोपऱ्यातलं ते बारीक चिन्ह त्यालाच दिसलं. "अरे, हे आहे की अजून." तुझा तो प्रोग्रॅम. आपला कॉम्प्युटर रिकामा बसला असेल तेव्हा जगातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेच्या मोठ्या गणिताचा एक तुकडा इथे येतो, इथे सुटतो, उत्तर परत जातं. तू मला हे समजावत होतीस तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे दळण. तू इतकी खूश झालीस की तुझ्या गटाचं नावच ठेवलंस 'पनवेल भातगिरणी'. गटात तू एकटी. मी घरी आलो की मागचं बटण बंद करायचो, तेही तुला आठवत असेल. तुला तेच जास्त आठवत असेल.

रमेशने नवी आवृत्ती चढवली आणि 'सुरू' दाबून गेला. नंतरचं मी एकट्याने केलं, बरं का. त्यांच्या साइटवर जाऊन नाव लिहिलं, ईमेल लिहिला, पासवर्ड दोनदा लिहिला. गट विचारला तिथे 'पनवेल भातगिरणी'. दळण निवडायला सांगितलं तिथे मेंदूतल्या प्रथिनांच्या घड्यांचं निवडलं, म्हणजे तुझ्या आईच्या विस्मरणाच्या दुखण्याचं. मग पान उघडलं. सदस्य दोन. वर तू, खाली मी. सोडवलेल्या गणिताचे शाळेसारखे गुण मिळतात ना, तुझे एक लाख बारा हजारांवर कधीचे थांबलेले. माझे शून्य.

आई ठीक आहे. आता उठत नाही, बोलत नाही. साळू येते सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, पळस्प्याच्या पुढच्या वाडीवरून. स्वयंपाक आणि आईचं सगळं तीच बघते. घराची एक किल्ली तिच्याकडेच असते, म्हणजे मला दारापर्यंत जावं लागत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून गेल्या वर्षी तू न सांगता पाठवलेली हवेची गादी आईच्या अंगाखाली आहे आणि तिचा पंप दिवसरात्र चालू असतो. खोक्यावर तुझा पत्ता होता, म्हणून हे पत्र लिहिता आलं. फोन तर तू माझा घेत नाहीस.

जिन्यातल्या त्या संध्याकाळबद्दल मी लिहिणार नाही. तूही काढू नकोस.

तुझा
बाबा


२० एप्रिल

चि. सई,

पत्र पोचलं. तू काही लिहिलं नाहीस, पण मला कळलं. पंधरा तारखेला तुझे गुण हलले. नऊ वर्षं गोठलेला आकडा, आणि मी सुरू केल्यावर चौथ्याच दिवशी तूही सुरू केलंस. तिथे बंगळूरला कुठल्याशा खोलीत तुझंही मशीन घरघरतंय. मी खुर्चीत बसून किती वेळ तो आकडाच पाहत होतो. साळूने चहा दोनदा गरम केला.

माझे मात्र अजून शून्य. त्यांच्या साइटवर मदतीचं पान आहे, ते डिक्शनरी घेऊन वाचलं. मशीन तापलं की उत्तर चुकतं आणि चुकलेल्या उत्तराला गुण नाहीत. शिवाय मुदत असते. माझं मशीन हॉलमध्ये, पश्चिमेच्या खिडकीशी. उलव्याकडून बांधकामाची धूळ येते ती वेगळीच. दुपारी त्याच्या पाठीवर हात ठेववत नाही. बिचारं चुकणारच.

एसी आईच्या खोलीत आहे.

मी दोन दिवस विचार केला. घाईने काही केलं नाही. शेवटी तुझ्या आईचंच दुखणं आहे ना, त्याच्याच औषधासाठी हे चाललंय. रमेशला बोलावलं. त्याने आणि साळूने मिळून पलंग हॉलमध्ये आणला आणि कॉम्प्युटर आत नेला.

साळूचं तोंड सुटलं. "बाबा, आजीला हॉलमदी? या उन्हाचं?"

"पडदा लावू."

"पडद्यानं काय व्हतंय. आमच्या कुडाच्या घरात पण आमी म्हातारीला सावलीची जागा देतो."

"तिला कळतं का गं, गरम की गार?"

"कळतंय. बोलत नाय म्हणून कळत नाय असं हाय का?"

रमेश नको तिथे हसला. मी साळूला म्हटलं, तू पाणी आण.

पंपाची वायर हॉलच्या प्लगपर्यंत पोचत नाही. एक्स्टेंशन बोर्ड होता तो कॉम्प्युटरला लागला. दुसरा आणायचा आहे. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

तुझी आई पलंगावरून खिडकीकडे पाहते. कदाचित तिला बाहेरचं बघायला आवडत असेल.

बाबा


४ मे

चि. सई,

मशीन गारव्यात गेलं आणि तुझे रोजचे गुण दुप्पट झाले. काल तेराशे, परवा चौदाशे. तुझ्याकडेही एसी लावलास वाटतं. माझे शून्यच आहेत, पण मला आता त्याचं वाईट वाटत नाही. मला तुझे दिसतात ते पुरे.

एक गंमत सांगतो. मंगळवारी मशीन पुसायला म्हणून दिवसभर बंद ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तुझेही त्या दिवशीचे काहीच नाहीत. मी थांबलो तर तूही थांबलीस. मी सुरू केलं, तूही केलंस. चार वर्षं एक शब्द नाही आणि आता असा सूर लागलाय की मी इकडे ठेका धरावा आणि तू तिकडे. होडी कितीही लांब गेली तरी दोरीचं एक टोक काठाला असतंच. मी सकाळी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, मग तुझं पान उघडतो.

म्हणून आज जिन्याचं लिहितो. लिहिणार नव्हतो, पण आता आपण बोलतोच आहोत.

तू त्या संध्याकाळी न कळवता आलीस आणि आई तुला जिन्यात दिसली. शेजारच्या प्रभाकरांनी तिला खुर्ची दिली होती. पायात चप्पल नव्हती, आणि साडीचंही जे काय झालं होतं ते झालं होतं. तू त्यावरून ठरवलंस की मी तिला घराबाहेर काढलं. सई, मी तिला कविता विचारली होती. होडीचीच. लग्न झाल्यापासून ती माझ्याबरोबर ती म्हणत आली आणि त्या वर्षी दुसऱ्या ओळीवर येऊन अडायला लागली. मला आधी वाटलं, मुद्दाम करते. नंतर वाटलं, लक्ष देत नाही. मी तेच केलं जे माझ्यावर केलं गेलं आणि ज्याने मला फायदा झाला. दार लावलं आणि आतून म्हटलं, आशालता, आठवलं की टकटक कर.

ती टकटक करत होती. न आठवताच करत होती, म्हणून मी उघडत नव्हतो.

तीन तास झाले असं तू म्हणालीस. माझ्या हिशेबाने दोन. आणि तुलाही लहानपणी मी किती वेळा उभं केलं. तू आठवून यायचीस, हसत यायचीस. निदान मला तसं आठवतंय. तेव्हा तू रडत होतीस असं तू त्या दिवशी म्हणालीस. आईला माझ्याकडे द्या, म्हणालीस. मी म्हटलं, बायको म्हणजे काय लायब्ररीचं पुस्तक आहे का. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

आता घरचं. साळूला काढलं. सोमवारी मी बाजारातून आलो तर कॉम्प्युटर बंद, आणि बोर्ड ओढून तिने हॉलमध्ये पंपाला लावलेला. चार दिवसांचं दळण मुदतीच्या तोंडाशी आलं होतं.

मी म्हटलं, "कुणाला विचारून?"

ती म्हणाली, "आजीच्या पाठीला विचारून. कूस वळवून बघा तरी एकदा. कमरेखाली कातडं गेलंय."

"पावडर लाव."

"पावडर लावून मांस भरतंय का? त्या डब्यासाठी थंडी आणि माणसाला ऊन. ताईला काय तोंड दाखवाल?"

ताईचं नाव घेतलं म्हणून मी म्हटलं, उद्यापासून येऊ नको. ती आईचे पाय दाबून, तोंड पुसून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. किल्ली परत घ्यायची माझ्या लक्षात राहिली नाही.

आता आईचं मीच करतो. दिवसातून एकदा कूस बदलतो, माझ्या कमरेला तेवढंच झेपतं. पाठीवर थोडं लाल आहे. उदबत्ती लावतो, म्हणजे हॉलमध्ये बसवतं. बोर्ड मी पुन्हा आत लावला. दुसरा आणायचा राहूनच जातोय, या उन्हात बाहेर पडवत नाही.

तुझा
बाबा


१५ मे

सई,

दोन दिवस वीज नव्हती. वाऱ्याने कुठलीशी लाईन पडली. आली तेव्हा तुझं पान उघडलं तर तुझेही दोन दिवस कोरे. मी प्रभाकरांना विचारलं, बंगळूरला वादळ झालं का? त्यांनी मोबाईलमध्ये पाहिलं. म्हणाले, नाही, छान हवा आहे.

मी रमेशला बोलावलं. म्हटलं, माझ्या शून्याचं एकदा बघ.

तो दारातच थबकला. नाकाला हात लावला. पलंगाकडे पाहून म्हणाला, "काका, काकूंना डॉक्टरला दाखवलंत का? हे बरं दिसत नाहीये."

"तू आत चल."

तो आत बसला, पण मान पुन्हा पुन्हा हॉलकडे वळवत होता. दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि म्हणाला, "तुमचे शून्यच राहणार. तुम्ही साइटवर तुमचं नाव नोंदवलंत, गटात घातलंत, इथपर्यंत बरोबर. पण कॉम्प्युटरच्या आत ते नाव घातलंच नाही. इथे अजून ताईंचंच खातं चालू आहे, जुनं."

"मग माझं दळण?"

"ते सगळं ताईंच्या नावावर जमा झालंय. पहिल्या दिवसापासून."

मी म्हटलं, "म्हणजे तिचे वाढतायत ते..."

"हे मशीन. हे बघा ना, ताईंच्या खात्यात मशीन किती, तर एक. नाव 'सईचा डबा'. शेवटचा संपर्क, आत्ता, दोन मिनिटांपूर्वी." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "ताईंनी स्वतः शेवटचं कधी उघडलं होतं ते सांगता येणार नाही. पण दुसरं मशीन कुठलंच नाहीये, काका."

मी माऊस हातात घेऊन तेच पान पुन्हा उघडलं. त्याला वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सोपं करून सांगितलं. पोरगा सालस आहे. "गिरणी एकच आहे आणि ती तुमच्या घरात आहे," असं म्हणाला.

मग विचारलं, "बदलून देऊ का? आजपासून तुमच्या नावावर येतील."

मी म्हटलं, नको.

जाताना तो पलंगापाशी उभा राहिला. काकूंच्या तोंडाला पाणी लावू का, म्हणाला. मी म्हटलं, मी लावतो. तो गेल्यावर लावलं.

म्हणजे तू कधी सुरूच केलं नव्हतंस. पंधरा एप्रिल, तेराशे, चौदाशे, मंगळवारची ती गंमत, सगळं मीच. मी इकडून बोलायचो आणि मीच तिकडून हो म्हणायचो. पत्रं तरी तू उघडलीस का, की तीही तिथे कुठल्या पेटीत पडून आहेत, हे मला कसं कळणार? हे पत्र तरी मी कशाला टाकतोय?

टाकतोय.

बाबा


१९ मे

सई,

कॉम्प्युटर आज सकाळी बंद केला. मागचं बटण दाबून, पूर्वी दाबायचो तसा. एसीही बंद केला.

शाळेत गिरणी कधी थांबली की वर्गात एकदम चमत्कारिक वाटायचं. तिच्या आवाजाखाली जे काय काय दडलेलं असे ते उघडं पडायचं. कुणाचं नाक ओढणं, बाहेरच्या बैलाचं उसासणं. आज घरात तसंच झालं. पंखा थांबला आणि हॉलमधून एक आवाज ऐकू आला. बारीक, एका ठेक्यात. मला वाटलं, आशालता कविता म्हणते आहे. खरंच वाटलं. मी आनंदाने उठलो, जवळ जाऊन कान लावला. कविता नव्हती. ती कण्हत होती. श्वास आत, एक कण्हणं, श्वास बाहेर. किती दिवस कण्हते आहे मला माहीत नाही. महिनाभर मी दार लावून आत बसायचो आणि पंख्याचा ठेका ऐकायचो.

कूस वळवली. साळू म्हणाली होती ते खरं होतं. तेव्हा खरं होतं, आता त्याहून पुढे गेलंय. मी चादर पुन्हा वर घेतली. तेवढंच केलं, चादर वर घेतली.

बोर्ड आणून पंपाला लावला. गादी हळूहळू फुगली. ती ओरडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने. मी पंप बंद केला. मग पुन्हा चालू केला. मला कळेना काय करावं, म्हणून तुला लिहायला बसलो.

बेल वाजली. थांब जरा.

दाराच्या भिंगातून पाहून आलो. साळू आहे. तिच्या मागे पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं, हातात स्ट्रेचर. मी दार न उघडता विचारलं, काय आहे.

"बाबा, दार उघडा. आजीला न्यायाचं हाय. दवाखान्यात."

"कुणी सांगितलं?"

"सईताईंनी."

"सईचा आणि तुझा काय संबंध?"

"गादीच्या खोक्यावर फोन नंबर व्हता त्यांचा. तुमी काढलंत त्या दिवशी मीच लावला. त्यांना समदं आधीच ठाव व्हतं. तुमची पत्रं वाचून. तुमीच लिवलंय सगळं, पलंग, पंप, समदं. परवा ताईंनी मला फोनवर वाचून दाखवलं, रडत व्हत्या."

"सई कुठे आहे?"

"खाली. गाडीत."

मी म्हटलं, "तिला वर येऊ दे. ती आली की उघडतो."

मग साळू म्हणाली, "वर नाय येत त्या. बोलल्या, तो जिना मी नाय चढणार. आईला खाली आणा, एवढंच सांगितलंय."

मी येऊन पुन्हा लिहायला बसलो आहे. पत्र पुरं केल्याशिवाय उठायची मला सवय नाही. ती तिघं उभी राहतील. बाहेर उभं राहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही, माझं बिघडलं नाही. तू खाली आहेस, मग हे पत्र टपालात टाकायला नको, साळूच्या हाती देईन. त्याच्या तळाशी आपली कविता लिहून देतो. ती लिहिली की उठतो आणि दार उघडतो.

नदी म्हणाली होडीला, लांब जाऊन ये गं;
काठ म्हणाला दोरीला,

साळू बेल वाजवत नाही आता. हाताने टकटक करते आहे.

काठ म्हणाला दोरीला,

गेल्याच महिन्यात तुला लिहून पाठवली होती. तुझ्याकडे असेल. डोळे मिटून बसलो, पण मशीन बंद आहे, ठेका नाही. आशालताचाच आवाज येतोय, आणि त्यात ती ओळ बसत नाही.

काठ म्हणाला

टकटक थांबली. साळू पिशवीत काही तरी शोधत असावी, खुळखुळ ऐकू येते आहे. आठवेपर्यंत थांब म्हणावं तिला, मला थोडाच वेळ

कुलपात किल्ली फिरली.